वॉटसन मुंबईला उतरला होता

रेडिंगच्या फोर्बरी गार्डन्समध्ये ओतीव लोखंडाचा एक प्रचंड सिंह उभा आहे. इंग्लंडात राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी त्याच्यापुढे मुलांचे फोटोही काढले असतील. १८८६ साली उभारलेला हा सिंह मैवंदच्या लढाईचं स्मारक आहे. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ अयुब खानाच्या सैन्यानं इंग्रजी फौजेचा दणदणीत पराभव केला. सिंह आहे तो ६६व्या बर्कशायर रेजिमेंटच्या सैनिकांसाठी. पण त्या दिवशी त्यांच्या जोडीला बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई लष्कराच्या पलटणीही लढत होत्या.

याच लढाईत एक काल्पनिक डॉक्टरही जखमी झाला. त्याचं नाव जॉन वॉटसन. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ साली आली, म्हणजे सिंहानंतर अवघ्या वर्षभरानं. तिच्या पहिल्याच पानावर आर्थर कॉनन डॉयल सांगतो, की हा लष्करी डॉक्टर बोटीनं मुंबईला उतरला, तोवर त्याची पलटण खिंडींपलीकडे गेली होती. पुढे मैवंदला त्याला गोळी लागली, पेशावरला विषमज्वरानं तो मरता मरता वाचला आणि खंगलेल्या अवस्थेत लंडनला परतला.

२०१० साली मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मॉफट यांनी बीबीसीसाठी 'शेरलॉक' लिहिली आणि होम्सला आजच्या लंडनमध्ये आणलं. तेव्हा वॉटसनच्या बाबतीत त्यांना जवळजवळ काहीच बदलावं लागलं नाही. सव्वाशे वर्षांनंतरही इंग्रज डॉक्टर अफगाणिस्तानातच जखमी होत होते! फक्त होम्सला पहिल्या भेटीत 'अफगाणिस्तान की इराक?' असं विचारावं लागलं, एवढाच काय तो फरक.

जुन्या पात्राला नव्या काळात आणायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं? होम्सच्या रूपांतरांचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाची तीन उत्तरं दिसतात.

पहिलं उत्तर सोपं आहे: वस्तू बदलायच्या. हे काही २०१० मध्ये सुरू झालं नाही. १९२१ ते १९२३ या काळात आयली नॉरवुडच्या मूकपटांत होम्सच्या आसपास टेलिफोन आणि मोटारी आल्या, तेव्हा खुद्द डॉयल हयात होता. त्याला नॉरवुडचं काम आवडलं. तक्रार होती ती या मोटारी-टेलिफोनांचीच. १९४२ पासून युनिव्हर्सल कंपनीनं बेझिल रॅथबोनच्या होम्सला थेट दुसऱ्या महायुद्धात नेऊन नाझी हेरांच्या मागे लावलं. उलट १९८४ ते १९९४ या दशकात ग्रॅनाडा टेलिव्हिजननं जेरेमी ब्रेटला घेऊन घोडागाड्या आणि गॅसच्या दिव्यांसकट व्हिक्टोरियन लंडन उभं केलं. दोन्ही वाटा जुन्याच आहेत.

गॅटिस-मॉफट यांनी मात्र वस्तू बदलताना वाचकाशी एक खेळ मांडला. 'द साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या खिशातल्या घड्याळावरून त्याच्या थोरल्या भावाची कुंडली मांडतो. किल्ली देण्याच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, म्हणजे मालक दारुडा. मालिकेत घड्याळाचा मोबाइल झाला आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकाभोवती आले. होम्सचा तर्क पुन्हा बिनचूक ठरतो, एक गोष्ट सोडून. 'हॅरी' हा भाऊ नसून बहीण निघते, हॅरिएट. मूळ कादंबरीत भिंतीवर रक्तानं लिहिलेल्या 'राखे' या अक्षरांत इन्स्पेक्टरला 'रेचल'चं अर्धवट नाव दिसतं आणि होम्स सांगतो, की हा 'सूड' या अर्थाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत बरोबर उलटं: जर्मन शब्द सुचवणारा मूर्ख ठरतो आणि उत्तर 'रेचल' हेच असतं. ज्यानं मूळ पुस्तक वाचलंय, तोच इथे जास्त फसतो. असं रूपांतर मूळ पुस्तकाला मान देऊनच होऊ शकतं.

दुसरं उत्तर अवघड आहे: नाती बदलायची. इथे काळ पुढे गेला म्हणून गोष्टही पुढे जाईलच, असं नाही. १८९१ च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'मध्ये आयरीन अॅडलर ही गायिका होम्सला हरवते. राजाला हवा असलेला फोटो ती त्याच्या हाती लागू देत नाही. पुरुषाच्या वेशात होम्सच्याच दारावरून जाता जाता त्याला 'गुड नाइट' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पसंतीच्या नवऱ्याबरोबर निघून जाते. होम्स बक्षीस म्हणून मागतो तो तिचा फोटो. २०१२ च्या मालिकेतली आयरीन दिसायला कितीतरी धीट आहे. पण शेवटी होम्स तिच्या फोनचा पासवर्ड ओळखतो, ती त्याच्यापुढे गयावया करते आणि कराचीत तोच तिचा जीव वाचवतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली बाई जिंकली आणि एकविसाव्या शतकातली हरली, हे कसं? तिकिटावरचं साल बदललं, पण गाडी मागे गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'एलिमेंटरी' सुरू झाली. तिथे न्यूयॉर्कमध्ये लूसी लूची जोन वॉटसन ही एक माजी सर्जन आहे. व्यसनमुक्त झालेल्या होम्सवर लक्ष ठेवायला ती येते आणि हळूहळू स्वतःच गुप्तहेर होते. आयरीनचं रहस्य उलगडतं तेव्हा तीच मोरिआर्टी निघते. मूळ कथांपासून ही मालिका फार लांब गेली, पण वॉटसन म्हणजे होम्सच्या हुशारीवर थक्क होणारा सोबती, ही सवय तिनं मोडली.

तिसरा बदल मात्र आपल्याशी थेट संबंधित आहे. १८९० चं 'द साइन ऑफ फोर' तुम्ही मोठेपणी पुन्हा वाचलंत का? ती गोष्ट लंडनची कमी आणि आग्र्याची जास्त आहे. १८५७ मध्ये एका राजानं आग्र्याच्या किल्ल्यात लपवायला पाठवलेला खजिना, त्यासाठी पडलेला खून, अंदमानची काळ्या पाण्याची शिक्षा, तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी केलेली फसवणूक आणि शेवटी थेम्सच्या गाळात गेलेले हिरे. डॉयल हिंदुस्थानात राहिलेला नव्हता, हे जागोजागी कळतं. त्याच्या शीख पहारेकऱ्यांची नावं आहेत महमद सिंग आणि अब्दुल्ला खान! आणि अंदमानच्या टोंगाचं वर्णन तर माणसाचं वाटतच नाही. लहानपणी मराठी अनुवादात हे सगळं आपण थरारून वाचलं. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती तेच पुस्तक देताना हात अडखळतो.

बीबीसीनं २०१४ साली यावर 'द साइन ऑफ थ्री' केला. मेजर शोल्टो राहिला, स्मॉल हे आडनाव राहिलं, सूड राहिला. पण युद्ध अफगाणिस्तानातलं झालं आणि आग्रा, १८५७, खजिना यांतलं काही उरलं नाही. अपमानकारक वर्णन गेलं हे बरंच झालं. पण त्याबरोबर लूटही गेली. जी गोष्ट 'हे हिरे मुळात कोणाचे?' असा प्रश्न विचारू शकली असती, ती एका लग्नाची गंमत होऊन बसली. आणि असं पुसल्यानं जुनी नजर जातेच, असंही नाही. याच मालिकेच्या २०१० मधल्या 'द ब्लाइंड बँकर'मध्ये चिनी टोळी, सर्कस आणि गूढ आकडे असा जुनाच पूर्वेचा बाजार भरला होता आणि समीक्षकांनी तो दाखवूनही दिला.

रूपांतरकारानं मूळ पुस्तकाचं ओझं वाहत बसावं, असं मी म्हणत नाही. मुंबई दूरदर्शननं चिं. वि. जोशींचा चिमणराव आणला, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले. उद्या कोणी चिमणरावाच्या हाती मोबाइल दिला, तर माझी हरकत नाही. पण त्याची भाबडी फुशारकी काढून घेतली, तर उरेल तो कुणीतरी दुसराच. पात्र टिकतं ते त्याच्या स्वभावावर आणि त्याच्या जगातल्या ताणांवर. टोपी, पाइप, घोडागाडी या काय, खुंटीवर टांगायच्या गोष्टी.

पुढच्या वेळी फोर्बरी गार्डन्समध्ये गेलात, तर मुलांना त्या सिंहाची गोष्ट सांगा. मैवंदला मुंबईच्या पलटणीही होत्या, हेही सांगा. आणि वॉटसन त्या लढाईला जाताना मुंबईच्या बंदरात उतरला होता, हे सांगायला विसरू नका. शेरलॉकची पुढची मालिका कदाचित त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहील. त्या वेळी थेम्समधला तो खजिना वर काढायचा की नाही, हे त्यांनी ठरवावं.