डोळ्यांदेखत वाढणारे रोप

‘डोळ्यांदेखत वाढणारे रोप’ हे दादासाहेब फाळके यांच्या १९१२ च्या लघुफितीतले. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी (१९१३) भांडवल उभे करायचे होते, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि वाढत्या रोपाची एकेक चौकट टिपली. रोज एकच चौकट घेतली, असे सर्रास लिहितात. ते हिशेबात बसत नाही. मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटींनी चाले. त्या वेगाने महिन्याभराची मेहनत दोन सेकंदांत संपली असती. दिवसाला अनेक चौकटी घेतल्या असणार.

कार्टूनपटाचे तंत्र हेच, फक्त रोपाच्या जागी चित्रकाराची रेखाटने. पडद्यावर काहीच हलत नसते. लागोपाठच्या चित्रांत फरक थोडा असेल आणि ती झपाट्याने आली, तर मधली हालचाल मेंदू भरून काढतो. ‘प्रतिमा डोळ्यांत रेंगाळते म्हणून’ हे शाळकरी उत्तर अपुरे आहे. नुसतीच रेंगाळली असती तर चित्रांचा एकमेकांवर चिखल झाला असता. आलटूनपालटून दाखवलेल्या दोन स्थिर रेषा एकच सरकणारी रेषा भासतात, यावरचा मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांचा प्रसिद्ध निबंधही १९१२ चाच. हल्ली चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. कार्टूनवाले बरेचदा १२ रेखाटनांतच भागवतात, प्रत्येक दोनदा टिपून.

वाचकांनी कुंडीत वाल लावून मोबाइलवर तासातासाने फोटो घेऊन पाहावेत. मोबाइल मात्र जागचा हलवू नये. — संपादक