पहाटे मोहाखाली

चला, सव्वाशे वर्षं मागे. भंडारा जिल्ह्यात, कोक्याच्या जंगलाकाठच्या एखाद्या गावात. होळी होऊन गेलीय. तांबडं फुटायच्या आत बायामाणसं दुरड्या घेऊन रानाकडे निघालीत आणि त्या रेट्यात तुम्हीही चाललाय. पुढच्याच्या टेंभ्याचा धूर डोळ्यांत जातो. कडेवरची पोरं रडतात, कुत्री भुंकतात, सगळे मुद्दाम मोठ्यानं बोलतात. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून! मोहावर त्याचाही जीव आहे.

आधी वास येतो. गोड, जड, किंचित आंबूस, घशात चिकटणारा. मग टप, टप, टप. एक फूल तुमच्या मानेवर पडतं, थंड आणि ओलं. बोटांत धरून बघा: फिकट पिवळसर, मांसल, आतून पोकळ. टाका तोंडात. गोड रस, मागून उग्र चव. दुसरं, तिसरं... आता पुरे, ताजी फुलं फार खाल्ली की डोकं जड होतं.

"पाहून चाल ना बाप्पा, फुलं तुडवशील!"

म्हातारी ओरडते. झाड तिच्या घरचं. खालचा पाचोळा तिनं आधीच जाळून जागा मोकळी केलीय, तीच राख तुमच्या तळव्यांना लागतेय. बसा तिच्याशेजारी, वेचा. घटकाभरात कंबर धरते, बोटं चिकटतात, मुंग्या मनगटापर्यंत चढतात. तिची दुरडी भरली, तुमचा तळही झाकला नाही.

दुपारी तिच्या सारवलेल्या आंगणात पाय भाजतात. पसरलेल्या फुलांवर मधमाश्या घोंघावतात. काही दिवसांत ती मनुकांसारखी तांबूस, सुरकुतलेली होतील आणि साठवणीच्या ढोलीत जातील. त्यांची दारूही गाळतात, ती लग्नाला आणि देवाला लागते. पण मोह म्हणजे नुसती दारू समजणाऱ्यांनी हे घर पाहावं. इथं तो आधी अन्न आहे. म्हातारी सुकी फुलं भाजते, तिळासोबत उखळात कुटते, गरम लाडू तुमच्या हातावर ठेवते. पावसाळ्यात तांदूळ संपले की हीच फुलं शिजतील. 1899 साली पावसानं दगा दिला, धान करपलं, तेव्हा अशा घरांना रानानंच हात दिला. पुढे फळं येतील, त्यांच्या बियांचं तेल दिव्यात जळेल.

आता परत या. मोह आजही पहाटेच गळतो. पण पाचोळ्याला लावलेली आग पसरून वणवे पेटतात, आणि झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावीच लागत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात. चैत्रात भंडाऱ्याकडे गेलात, तर जाळीवर झेललेली फुलंच विकत घ्या.