छापा, काटा आणि अष्टगण

तीन फासे एकदम टाकले, तर बेरीज 9 येण्याचा संभव अधिक की 10 येण्याचा? सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील फासेबहाद्दरांना या प्रश्नाने कोड्यात टाकले होते. 9 ही बेरीज सहा प्रकारांनी जमते: 1-2-6, 1-3-5, 1-4-4, 2-2-5, 2-3-4 आणि 3-3-3. 10 चेही प्रकार सहाच. तरीही 10 वर पैज लावणे लाभाचे, असे दीर्घ अनुभव सांगत होता.

गॅलिलिओने या प्रश्नाचा उलगडा एका छोट्या टिपणात केला. कोणता आकडा कोणत्या फाशावर पडला, हे पाहू लागताच 1-2-6 हा एक प्रकार राहत नाही. त्याचे सहा होतात. 1-4-4 चे तीन होतात आणि 3-3-3 मात्र एकटाच राहतो. तीन फाशांच्या एकूण 216 शक्यतांपैकी 9 च्या वाट्याला 25 येतात, 10 च्या वाट्याला 27. हा फरक शेकडा एकाहूनही कमी आहे. तो नुसत्या अनुभवाने हेरण्यासाठी त्या मंडळींनी किती रात्री जागविल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी! त्याआधी कार्डानो या वैद्य, गणिती आणि पट्टीच्या जुगाऱ्यानेही 216 चा हिशेब मांडला होता. परंतु 1576 मध्ये तो वारला आणि त्याचे पुस्तक छापले गेले ते 1663 मध्ये.

क्रम धरून मोजण्याची ही शिस्त भारतात फार जुनी आहे. मात्र ती द्यूतगृहात नव्हे, छंदशास्त्रात वाढली. लघू आणि गुरू या दोन अक्षरांच्या सर्व रचना क्रमाने मांडण्याची रीत पिंगलाच्या छंदःसूत्रात आहे. तिला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांचा प्रस्तार मांडला की आठ रचना मिळतात. मराठी शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेल्या कोणालाही त्या नव्या नाहीत. तेच आपले अष्टगण. गुरूला छापा आणि लघूला काटा म्हटले, तर एक नाणे तीनदा उडविल्याचा संपूर्ण नमुना अवकाश हाच! म-गणात तिन्ही छापे, न-गणात तिन्ही काटे; य, र, त यांत दोन छापे व एक काटा; भ, ज, स यांत एक छापा व दोन काटे.

य आणि र यांत लघू एकच आहे, म्हणून त्यांना एक मानावे काय? चार य-गणांचे भुजंगप्रयात होते, मनाच्या श्लोकांचे. चार र-गणांची स्रग्विणी होते. कान ही गल्लत होऊ देत नाही. जुगाऱ्याला मात्र केवळ बेरजेशी कर्तव्य, म्हणून त्याची फसगत होते. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावर टीका लिहिताना मेरुप्रस्तार स्पष्ट करून दिला. वरील 1, 3, 3, 1 ही त्यातलीच एक ओळ. नल राजाच्या कथेत फाशांचे रहस्य आणि झाडावरील पानांची गणती एकत्र येतात खरी, तथापि छंदशास्त्रातील या गणनेतून आपल्याकडे संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले नाही.

ते उभे राहिले फ्रान्समध्ये. अर्धवट थांबलेल्या खेळातील पैजेची रक्कम कशी वाटावी, यावर 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला. एकाला जिंकण्यास दोन डाव हवेत आणि दुसऱ्याला तीन, तर चार डावांत निकाल लागणारच. म्हणून चार डावांच्या 16 शक्यता मोजाव्यात; त्यांपैकी 11 पहिल्याच्या, 5 दुसऱ्याच्या. यावर रोबेर्वालने आक्षेप घेतला: खेळ दोन डावांतच संपला, तर पुढचे न खेळलेले डाव का मोजायचे? पास्कलचे उत्तर असे, की निकाल लागल्यावरही उरलेले डाव खेळायचे ठरविले, तरी जिंकणारा बदलत नाही. मग ते मोजायला हरकत कसली?

आक्षेप तेवढ्याने मिटला नाही. शंभर वर्षांनी, 1754 मध्ये, द’आलांबेरसारख्या थोर गणितज्ञाने फ्रेंच विश्वकोशात तोच निराळ्या रूपाने मांडला. दोन फेकींत एकदा तरी छापा पडण्याचा संभव किती? पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला. म्हणजे छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच गोष्टी घडू शकतात. तेव्हा उत्तर दोन-तृतीयांश. या तीन गोष्टी घडतात हे खरेच; पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिल्या फेकीतला छापा निम्म्या वेळा पडतो, उरलेल्या दोन गोष्टी प्रत्येकी चौथाई वेळा. एकट्या छाप्याच्या पोटात छापा-छापा आणि छापा-काटा या दोन शक्यता दडलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की शक्यता चार होतात आणि उत्तर तीन-चतुर्थांश येते.