आधी काय मोडायचं?

गेल्या डिसेंबरात ऑफिसमधली आम्ही चार टाळकी तारकर्लीला गेलो होतो. डॉल्फिन बघायला म्हणून पहाटे बोटीत बसलो. डॉल्फिन काही दिसले नाहीत, पण परतताना बोटीच्या खालून 'खाट्' असा आवाज आला आणि इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं. पाण्याखालच्या खडकाला पंखा लागला होता.

बोटवाल्या काकांनी शांतपणे इंजिन वर उचललं. अॅल्युमिनियमच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं, दुसऱ्याचा कोपरा गायब. त्यांनी फळीखालून दुसरा पंखा काढला, पाना घेतला आणि पंधरा मिनिटांत काम फत्ते. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावामध्ये कोड लिहिणारा माणूस. गप्प कसा बसणार? "काका, स्टेनलेस स्टीलचा का नाही बसवत? तुटायचाच नाही."

काका हसले. "पंखो ऱ्हवतलो रे, पण गिअर जातलो. मगे सीझनात बोट किनाऱ्यार."

झालं. परत आल्यावर दोन वीकएंड मी प्रोपेलरचा इतिहास वाचण्यात घालवले. आणि गंमत म्हणजे, या इतिहासाची सुरुवातच मोडतोडीने होते.

1836 साली इंग्लंडमधल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका शेतकऱ्याने बोट ढकलणाऱ्या मळसूत्राचं पेटंट घेतलं. (त्याच वर्षी जॉन एरिकसन या स्वीडिश इंजिनिअरनेही आपल्या वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं.) स्मिथचं मळसूत्र लाकडी होतं, दोन पूर्ण वेढ्यांचं. 1837 मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना ते कशाला तरी आपटलं आणि अर्धं तुटून पडलं. आता बोट थांबणार असं वाटत असताना ती चक्क जास्त जोरात पळायला लागली! स्मिथने मुकाट्याने एकाच वेढ्याचं मळसूत्र वापरायला सुरुवात केली. आमच्याकडे याला 'बग नव्हे, फीचर' म्हणतात.

1845 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने 'रॅटलर' हे प्रोपेलरचं जहाज आणि 'अॅलेक्टो' हे वल्हेचक्रांचं जहाज शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. रॅटलरने अॅलेक्टोला उलटं ओढत नेलं. प्रोपेलर चालतो का, हा वाद तिथे जवळपास मिटला. पण टिकतो का? त्याच वर्षी ब्रुनेलचं प्रचंड लोखंडी जहाज 'ग्रेट ब्रिटन' अटलांटिक ओलांडायला लागलं. त्याच्या सहा पात्यांच्या प्रोपेलरची पाती पहिल्याच वर्षी समुद्रात गळून पडली. मग चार पात्यांचा, ओतीव लोखंडाचा नवा प्रोपेलर बसवावा लागला. तेव्हापासून धातूचा प्रश्न काही सुटलेला नाही. मोठ्या जहाजांनी पुढे काशाच्या जातीचे मिश्रधातू पकडले, तो विषय वेगळा.

आपल्या छोट्या बोटींची गोष्ट सुरू होते 1909 च्या सुमारास. अमेरिकेत ओले एविनरूडने बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन विकायला काढलं. तोवर दोन धातूंपैकी एक तयार होता. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या मदतीने अॅल्युमिनियम काढायची रीत शोधली आणि एकेकाळी चांदीच्या बरोबरीने मिरवणारा हा धातू स्वस्त झाला. दुसरा आला 1913 मध्ये. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून खटपट करत होता आणि हाती लागलं न गंजणारं पोलाद.

कागदावर स्टील सहज जिंकतं. ते अॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ. त्यामुळे पाती पातळ करता येतात, जोरात फिरताना ती वाकत नाहीत आणि पाणी नीट कापतात. वाळूने धारही लवकर झिजत नाही. ज्याला खोल पाण्यात लांब आणि वेगात जायचंय, त्याने खुशाल स्टील घ्यावं. किंमत मात्र कितीतरी पट.

आता खडक लागला की काय होतं बघा. आपटण्याची ताकद कुठेतरी जाणारच. जुन्या इंजिनांत त्यासाठी एक मऊ धातूची पिन असायची. ती तुटायची आणि गिअर वाचायचा. नंतर पंख्याच्या गाभ्यात रबरी बूश आलं, जे जोराचा धक्का बसला की सटकतं. अॅल्युमिनियमचं पातं स्वतः वाकून, तुटून आणखी काही धक्का खातं. स्टीलचं पातं सहजासहजी वाकत नाही, म्हणून तो धक्का दांड्याकडे आणि गिअरकडे जाण्याची भीती जास्त. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्या माणसासारखंच झालं हे. तार शाबूत, टीव्ही जळालेला.

म्हणजे काका धातू निवडत नव्हतेच. आपटायचं तर आहेच, मग आधी काय मोडायचं, एवढंच त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पंखा गेला तर पंधरा मिनिटं जातात. गिअर गेला तर सीझनचे दिवस जातात, आणि त्यांचं वर्षभराचं घर त्या दिवसांवर चालतं. मी कॉलेजात 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मध्ये बरे मार्क पाडले होते. पण हा प्रश्न त्या पेपरात कधी आला नव्हता.

असो. उतरताना मी विचारलं, "काका, या मोडक्या पंख्याचं काय करणार?"

"वेल्डिंग करून घेतलंय की झालो स्पेअर," असं म्हणत त्यांनी तो फळीखाली सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकांना हाक मारली.