बेकारी भत्ता आणि कुटुंबाचे उत्पन्न : ब्रिटनमधील साधनपडताळणीचा इतिहास (१९११-१९४१)

बेकार व्यक्तीस भत्ता देताना तिचे अन्य उत्पन्न विचारात घ्यावे काय, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. परंतु हे उत्पन्न नेमके कोणाचे मोजावयाचे, या उपप्रश्नाला ब्रिटनने १९३१ मध्ये दिलेल्या उत्तराने कामगार कुटुंबांची घडीच विस्कटली. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

१९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या दुसऱ्या भागाने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती आदी निवडक उद्योगांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारी विम्याचे संरक्षण दिले. कामगार, मालक व शासन हे तिघेही वर्गणी भरीत. बेकार कामगारास आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून अधिकाधिक १५ आठवडे मिळत. पाच आठवड्यांच्या वर्गणीमागे एका आठवड्याचा भत्ता असे प्रमाण होते. घरात दुसरे कोण कमावते, गाठीशी किती शिल्लक आहे, याची चौकशी या कायद्यात नव्हती. भत्ता हा वर्गणीतून आलेला हक्क होता.

१९२० मध्ये विमा बहुतेक उद्योगांना लागू झाला आणि लगेचच मंदी आली. वर्गणीचा हक्क संपलेल्यांना वाढीव भत्ता देणे भाग पडले. मात्र १९२२ मध्ये आईवडिलांकडे राहणारे अविवाहित आणि कमावत्या पतीच्या पत्नी यांना घरच्या उत्पन्नाकडे बोट दाखवून तो नाकारता येऊ लागला. १९३१ च्या व्यवस्थेची बीजे येथे आहेत, असे म्हणता येईल.

१९३१ च्या आर्थिक संकटात प्रौढ पुरुषाचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला. विम्याचा हक्क २६ आठवड्यांपुरता राहिला. त्यानंतरची मदत ‘मीन्स टेस्ट’, म्हणजे साधनपडताळणी करूनच मिळणार होती, आणि ती पडताळणी सोपविली गेली गरीबमदत देणाऱ्या स्थानिक समित्यांकडे. कालपर्यंत विमेदार असलेला कुशल कारागीर एकाएकी याचकांच्या रांगेत आला. शिवाय एकक व्यक्ती नव्हे, तर संपूर्ण घर धरले गेले. मुलाचे वेतन, वृद्ध पित्याचे निवृत्तिवेतन, बचत या सर्वांची मोजदाद होई. मुलीची मजुरी वाढली की बापाची मदत घटे. म्हणजे तिच्या कष्टाचे फळ घराला नव्हे, सरकारी तिजोरीला. साहजिकच कमावती मुले वेगळे बिऱ्हाड करू लागली. वृद्धांनाही घराबाहेर पडावे लागे, याची नोंद जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ च्या ‘द रोड टू विगन पिअर’ मध्ये केली आहे. काटकसरीने शिल्लक टाकणाऱ्यालाच ती भोवावी, हा विरोधाभास तर उघडच होता.

काही समित्यांनी हे नियम सैलपणे राबविले. रॉदरहॅम व डरहॅम येथे तर १९३२ मध्ये शासनाने समित्यांचे अधिकार काढून आयुक्त नेमले. १९३४ च्या कायद्याने ही मदत मध्यवर्ती मंडळाकडे दिली आणि काही रकमा हिशेबातून वगळल्या. उदाहरणार्थ, युद्धजखमीच्या निवृत्तिवेतनातील पहिला १ पौंड. परंतु जानेवारी १९३५ मध्ये नवे दर लागू होताच अनेकांची मदत घटली. दक्षिण वेल्समध्ये प्रचंड मोर्चे निघाले आणि फेब्रुवारीत शासनाला ही कपात थांबवावी लागली.

कौटुंबिक साधनपडताळणी १९४१ च्या कायद्याने, ऐन युद्धकाळात संपुष्टात आली. पती-पत्नीचे उत्पन्न मात्र यानंतरही एकत्रच मोजले जात राहिले.