मिठाचे भाईंदर

भाईंदर, मिरे (मीरा), नवघर, काशी आणि घोडबंदर ही वसई खाडीच्या दक्षिणेकडची गावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ठाणे जिल्ह्यातली साधी खेडी होती. त्यांतले जुने व्यापारी ठाणे घोडबंदरचे. तिथला पोर्तुगीज किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर खाडीचे दोन्ही काठ पुन्हा एका सत्तेखाली आले. पश्चिमेला उत्तन, पाली, चौक इथे मासेमारीचा संसार वेगळाच होता आणि बराच काळ तो वेगळाच राहिला. मधल्या सखल पट्ट्यात भातशेती होती, खाजणे होती आणि मिठागरे होती. भाईंदर वाढले ते या मिठागरांच्या जोरावर.

मीठ पिकवणे हे काम बव्हंशी आगरी समाजाचे. पाऊस सरला की वाहून गेलेले बांध पुन्हा बांधायचे आणि आगराची जमीन पायांनी तुडवून, चोपून घट्ट करायची. ती घट्ट नसेल तर पाणी मुरते आणि मिठात माती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचे पाणी मोठ्या साठवणीत घ्यायचे, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे. शेवटच्या वाफ्यात खडे धरू लागले की लाकडी फळीने ओढून बांधावर रास घालायची. हे सगळे पहिल्या पावसाच्या आत. मेअखेरीस वळवाची एक जोरदार सर आली तरी हाताशी आलेले पीक विरघळून जाई. काही आगरे सरकारी होती, काही शिलोत्रींची, म्हणजे खासगी मालकांची. अंगमेहनत मात्र सगळीकडे त्याच गावकऱ्यांची.

खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखणे हा इथला जुना प्रश्न. त्याच कारणाने १८७० मध्ये इंग्रज सरकारने भाईंदर, मिरे आणि घोडबंदर परिसरातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. पुढे १९४५ मध्ये हे हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेले. बांधासाठी लिहिलेला हा कागद शंभर वर्षांनी इमारतींच्या जमिनीवरचा दावा होऊन उभा राहिला. शहराच्या इतिहासात इतका दूरवर पोचलेला दुसरा दस्तऐवज सापडणे कठीण.

मीठ पिकले तरी बाजार नव्हता, तो रेल्वेने आणला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) कंपनीची लोहमार्गाची वाट १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचली. खाडीवर पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना पूल झाले आणि भाईंदरला स्टेशन आले. होडीतला माल डब्यात चढण्याची ही सोयीची जागा ठरली. मीठ विकण्याची मोकळीक मात्र नव्हती. १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानुसार सरकारी देखरेखीखाली वजन होऊन, कर भरूनच मीठ आगराबाहेर पडे. कर १९४७ मध्ये उठला. मिठाच्या जोडीला खाडीतली रेतीही होती. मुंबईच्या इमारतींना ती लागतच असे.

मिठागरांच्या पाठोपाठ कारखाने आले, पण ते कुणी ठरवून आणले नाहीत. मागास भागात ठरवून उद्योगाची केंद्रे उभारावीत, ती आसपासचा मुलूख वर ओढतील, हा विचार फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रांस्वा पेरू यांच्या १९५० च्या दशकातल्या मांडणीतून जगभर पसरला. महाराष्ट्राने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापले आणि १९६४ मध्ये मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांसाठी सवलतींची योजना आणली. भाईंदरचे केंद्र या वाटेने आले नाही. मुंबईत नव्या कारखान्यांवर निर्बंध वाढले, जागा महागली, तेव्हा दहिसर नाक्याच्या पलीकडे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, लोकलच्या टप्प्यात गाळे उभे राहिले. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडवणारे, घासून चकाकी आणणारे छोटे कारखाने दाटले. मालक आणि कामगार बहुतेक बाहेरचे होते. आगरी कुटुंबांकडे जमीन होती, ती विकली गेली. धंद्यातला वाटा थोड्यांनाच मिळाला.

नियोजन मागाहून आले. १९७५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० मध्ये उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे यांसारखी गावे जोडली गेली. तोवर केंद्राचे उपनगर होऊ लागले होते. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती, २००१ मध्ये पाच लाखांवर गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. महापालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली.

त्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात जव्हार-मोखाडा मागेच राहिले. वाड्यात मागास तालुका म्हणून करसवलती मिळाल्या, पोलादाचे कारखाने आले. पण भाईंदरला जी रेल्वे होती ती वाड्याला नव्हती. २०१४ मध्ये हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले, मीरा-भाईंदर ठाण्यात राहिले. इकडे भाईंदर पश्चिमेची मिठागरे बरीचशी बंद पडत गेली. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेमुळे आणि मिठाच्या जमिनींवर केंद्र सरकार सांगत असलेल्या हक्कामुळे त्यांतल्या बऱ्याच जागेवर इमारती मात्र उठल्या नाहीत.