दवंडी

दिवाळीच्या आवराआवरीत यंदा आजीची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी कागदांचे एक बोचके निघाले. सारे कागद उर्दू! ते ज्यांच्या नावे आले, त्या माझ्या पणजोबांना ती लिपी वाचता येत नव्हती.

आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथला दरबारी कारभार आधी फारसीत चाले; १८८०च्या दशकात तो उर्दूत आला. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणत. रयत मात्र मराठी बोले. मग सरकारचे म्हणणे तिच्या कानी जाई कसे? दवंडीने! साऱ्याची मुदत असो की लेव्हीची ज्वारी, डफडे वाजे आणि येसकर गल्लोगल्ली ओरडत फिरे. कागद उर्दू, पण दवंडी मराठी.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. कागद मराठी झाले. आम्हांला धन्य वाटले. पण 'उपरोक्त विषयान्वये' ही मराठी माझ्या आजीसारख्या निरक्षर बाईला उर्दूहून निराळी थोडीच होती?

आजोबा शिक्षक होते. त्यांच्यामागे आजीला निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी तो राहिला आणि पैसे थांबले. मी तावातावाने कचेरीला दोष देऊ लागलो. मग कळले, की सूचना माझ्याच मोबाइलवर आली होती. दिवसभर मुलांना धडे वाचून दाखवणाऱ्या या मास्तराने ती वाचली नव्हती, आजीला सांगितली नव्हती.

आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दवंडीवाल्याला इचारलं, की तो थांबून पुन्हा सांगायचा. तुज्या फोनला म्या काय इचारू, बाळा?"

निजामशाहीपासून आजवर लिपी बदलली, राज्ये बदलली, साधने बदलली. पण म्हाताऱ्या माणसाची गरज तीच आहे. त्याला उलट विचारता येईल असे माणूस समोर हवे.

यंदा नोव्हेंबरची वाट न पाहता मी आजीच्या खाटेशी बसलो आणि दाखल्याची तारीख सांगितली. तिने तीनदा विचारले. मी तीनदा सांगितले.